टीस नास पास: एका नवाहो गावाच्या नावातले हरवलेले सूर

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याच्या ईशान्य टोकाला, चार राज्यांच्या सीमा जिथे एका बिंदूत मिळतात त्याच्या जवळ, नवाहो लोकांचं एक छोटं गाव आहे. रुंद, नक्षीदार काठाच्या हातमागावरच्या लोकरी गालिच्यांमुळे गालिच्यांच्या जाणकारांना ते चांगलं ठाऊक असतं. या गावाचं नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. नकाशावर आणि टपालाच्या पत्त्यात ते टी-ई-ई-सी, एन-ओ-एस, पी-ओ-एस असं असतं आणि इंग्रजी बोलणारे ते 'टीस नास पास' असं वाचतात. गावातल्या शाळेच्या नावात तेच टी, मग अपॉस्ट्रॉफी, आय-आय-एस, आणि पुढे एन-ए-झेड-बी-ए-एस असं येतं. नवाहोच्या प्रमाण लेखनात शाळेच्या या स्पेलिंगवर आणखी दोन खुणा चढतात: 'नाझ'मधल्या 'ए'च्या डोक्यावर एक तिरकी रेघ आणि 'बास'मधल्या 'ए'च्या खाली एक छोटी आकडी.

नावाचा अर्थ साधा आहे. कॉटनवुड म्हणजे नदीनाल्यांच्या काठी वाढणारं पॉप्लरच्या जातीचं झाड. ही झाडं गोलाकार उभी आहेत ती जागा. नवाहो भाषेचं स्वतःचं नाव दिने बिझाद, म्हणजे 'दिनेंचं, लोकांचं बोलणं'. 2010च्या आसपासच्या अमेरिकी जनगणना खात्याच्या आकड्यांनुसार ती बोलणारे सुमारे 1 लाख 70 हजार होते. एका नावाची ही तीन लेखनं शेजारी ठेवली की सुरांची भाषा कागदावर आणताना काय टिकतं, काय गळतं आणि का गळतं, ते स्पष्ट दिसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

पहिलं स्पेलिंग: ऐकणाऱ्याचा कान

नकाशावरचं स्पेलिंग पाहून 'काय हे अडाणी लेखन' असं म्हणायचा मोह होतो. पण ज्याने ते केलं त्याचा कान तीक्ष्ण होता. कान इंग्रजी होता, एवढंच.

'नास' आणि 'पास'साठी त्याने 'ओ' वापरला, कारण अमेरिकी इंग्रजीत 'हॉट', 'पॉट' यांतला 'ओ' जवळजवळ आपल्या 'आ'सारखा उच्चारला जातो. म्हणजे अमेरिकी वाचकासाठी ते स्पेलिंग नेमकं होतं. आपण ते मराठीत 'नॉस पॉस' असं उतरवलं तर चूक आपली ठरेल.

सगळ्यात बोलका आहे तो 'पी'. प्रमाण लेखनात तिथे 'बी' आहे. मग लिहिणाऱ्याने 'पी' का ऐकला? कारण नवाहोमध्ये 'बी' या अक्षराने दाखवलेला ध्वनी घोष नाहीच. तो अघोष आणि अल्पप्राण आहे, म्हणजे आपल्या 'प'च्या अगदी जवळचा. तसंच 'डी' हे अक्षर आपल्या अल्पप्राण 'ट'सारखं, आणि 'जी' हे 'क'सारखं. उलट 'टी' आणि 'के' ही अक्षरं महाप्राण. पाण्याला नवाहोत जो शब्द आहे तो टी आणि ओ एवढ्या दोनच अक्षरांचा, पण उच्चार 'टो' नाही. 'ठो' म्हणताना 'ठ'मधला श्वास घशात मागे थोडा घासला तर जे होईल ते.

इंग्रजी भाषकाला हा भेद मुद्दाम शिकावा लागतो. मराठी माणसाच्या जिभेवर तो जन्मापासून असतो: पळ आणि फळ, काल आणि खाल. आणखी एक गंमत अशी की नवाहोत 'डी-झेड' या जोडाक्षराने जो ध्वनी दाखवतात, तो आपल्या 'चमचा'मधला दंततालव्य 'च' आहे. इंग्रजी माणूस त्या जोडाक्षरापुढे अडखळतो. पुण्या-नाशिकचा माणूस अडखळायचं कारण नाही.

या 'बी'ची दुसऱ्या बाजूने पडताळणीही करता येते. पैशाला नवाहोत 'बेएसो' म्हणतात. हा स्पॅनिश 'पेसो'. स्पॅनिशमधला 'प' अल्पप्राण असतो, म्हणून नवाहो कानांनी तो आपल्या 'बी'च्या जागी घेतला. स्पॅनिश 'प' नवाहोत 'बी' झाला आणि नवाहो 'बी' इंग्रजी कानाला 'पी' वाटला. दोन्ही पुरावे एकाच ध्वनीकडे बोट दाखवतात.

मग पहिल्या स्पेलिंगमधून गेलं काय? पहिलं म्हणजे 'ट'च्या मागचा झटका. 'कॉटनवुड' या अर्थाच्या त्या शब्दाच्या सुरुवातीचा 'ट' गळा क्षणभर बंद करून, आतली हवा टचकन बाहेर फेकून म्हटला जातो. मराठीत असा ध्वनी नाही, इंग्रजीतही नाही. नवाहोत मात्र तो अर्थ बदलतो. 'त्सिन' म्हणजे लाकूड, आणि तेच गळ्याचा झटका देऊन म्हटलं की हाड. दुसरं म्हणजे 'बास'मधला अनुनासिक आ. तिसरं म्हणजे सूर: झाडाचा शब्द खालच्या सुरात, 'नाझ' उंच सुरात, 'बास' पुन्हा खाली. व्यापारी, लष्करी अधिकारी, नकाशे काढणारे यांच्यापैकी कुणालाही सूर लिहायची गरज वाटली नाही. त्यांना गाव सापडलं की पुरे होतं.

आसपासच्या गावांचंही असंच झालं. चिनली हे नाव ज्या शब्दावरून आलं, त्याचा अर्थ 'पाणी बाहेर वाहतं ती जागा'. त्याच्या सुरुवातीला झटक्याचा 'च', तिन्ही स्वर उंच सुरात आणि शेवटचा अनुनासिकही. इंग्रजी नावात यातलं काहीच नाही. जवळच्या कॅन्यन द शे या प्रसिद्ध दरीच्या नावाचा प्रवास तर दोन भाषांतून झाला. नवाहो 'त्सेयी' म्हणजे खडकाच्या आतली जागा, दरी. स्पॅनिश लोकांनी ते 'चेली'सारखं लिहिलं, आणि आता इंग्रजीत ते 'द शे' असं म्हटलं जातं.

सूर म्हणजे इथे नक्की काय

'सुरांची भाषा' म्हटलं की आपल्याला वाक्याचा चढउतार आठवतो: प्रश्न विचारताना आवाज वर जातो, तसा. नवाहोतला सूर त्या जातीचा नाही. तो शब्दाच्या अंगाचा भाग आहे, जसा आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ किंवा अल्पप्राण-महाप्राण.

मूळ स्वर चारच: आ, ए, इ, ओ. प्रत्येक स्वर ऱ्हस्व किंवा दीर्घ, तोंडातला किंवा नाकातला. ऱ्हस्व स्वराला दोन सूर, उंच आणि खालचा. दीर्घ स्वराला चार: पूर्ण उंच, पूर्ण खालचा, उंचावरून खाली येणारा आणि खालून वर जाणारा. हिशेब केला तर एका स्वराची 12 रूपं, चारांची मिळून 48.

औषधाचा शब्द आहे 'अझेऽ', शेवटी गळा बंद. तोंडाचा शब्दही 'अझेऽ', शेवटी गळा बंद. पहिल्यात लांब 'ए' खालच्या सुरात, दुसऱ्यात उंच सुरात, एवढाच फरक. 'युद्ध' आणि 'डोळा' या शब्दांची जोडीही तशीच.

या जोड्या पाठ्यपुस्तकात छान दिसतात, पण माझ्या मते खरा मुद्दा त्यांत नाही. औषध आणि तोंड संदर्भाने ओळखू येतात. आपण नाही का 'जरा' हा शब्द 'थोडं' की 'म्हातारपण' हे वाक्यावरून ठरवतो. दोन वेगळे 'ज' आहेत आणि देवनागरीत दोघांना अक्षर एकच. नवाहोत सूर खरा कामाला येतो तो क्रियापदात. 'निलीं' म्हणजे 'तो किंवा ती आहे'. त्यातला पहिला 'नि' उंच सुरात नेला की 'तू आहेस'. बाकी अक्षरन् अक्षर तेच. नवाहोचं क्रियापद म्हणजे एका शब्दात मावलेलं वाक्य असतं. कर्ता, कर्म, क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, हे सगळं धातूच्या आधी लागणाऱ्या छोट्या छोट्या अवयवांत भरलेलं असतं, आणि त्यांतले काही अवयव फक्त सुराने वेगळे होतात. तिथे संदर्भ दरवेळी मदतीला येत नाही. 'तू आहेस' आणि 'तो आहे' ही दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात सहज येऊ शकतात.

हे सूर आले कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. नवाहो ज्या अथाबास्कन कुळातली, त्याच्या मूळ भाषेत सूर नव्हते असं मानतात. शब्दाच्या शेवटी गळा आवळला जायचा, त्याचा परिणाम आधीच्या स्वरावर व्हायचा, आणि हळूहळू तो सूर होऊन बसला. नवाहोत अशा स्वरांना खालचा सूर मिळाला. कॅनडातल्या काही बहीणभाषांत नेमका उलटा, उंच.

दुसरं आणि तिसरं स्पेलिंग: लिपी कशी ठरली

नवाहो लिहायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून चालू होते. लष्करी डॉक्टर वॉशिंग्टन मॅथ्यूज यांनी लिहिलं; सेंट मायकल्स इथल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी 1910 साली मोठा कोश काढला; प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची पद्धत निराळी; एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञांची शास्त्रीय खुणांची आणखी निराळी. एकाचं पुस्तक शिकलेल्याला दुसऱ्याचं वाचता येत नव्हतं.

1930च्या दशकाच्या शेवटी, जॉन कॉलियर इंडियन (म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या) व्यवहार खात्याचे आयुक्त असताना, सरकारने शाळांसाठी एक लिपी ठरवायचं काम हाती घेतलं. स्मिथसोनियन या संशोधन संस्थेचे जॉन हॅरिंग्टन आणि कादंबरीकार ऑलिव्हर ला फार्ज यांचा त्यात हात होता. पण ती लिपी ज्यांनी खरी चालती केली ते दोघे म्हणजे रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन. यंग गोरे, मॉर्गन नवाहो. दोघे फोर्ट विंगेटच्या मेंढी-पैदास प्रयोगशाळेत कामाला होते. 1943 साली त्यांचं व्याकरण-कोशाचं पुस्तक आलं, त्याच वर्षी 'आदाहोनीलिगी' हे नवाहो वृत्तपत्र सुरू झालं आणि ते 1957 पर्यंत चाललं. 1980 सालचा त्यांचा मोठा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो.

लिपी ठरवताना धोरण एकच होतं: इंग्रजी छापखान्यात आणि टंकयंत्रावर होईल तेवढं भागवायचं. म्हणून सपीर यांच्या टोपीवाल्या खुणा गेल्या आणि 'श'ला एस-एच, 'च'ला सी-एच आलं. गळ्याच्या झटक्याला अपॉस्ट्रॉफी. दीर्घ स्वरासाठी वेगळी खूण नाही, तेच अक्षर दोनदा. ही शेवटची युक्ती मला फार आवडते. अक्षर दोनदा लिहिल्यामुळे सुराचा चढउतार दाखवायला नवी खूण लागतच नाही: पहिल्या अक्षरावर रेघ म्हणजे सूर उतरतो, दुसऱ्यावर म्हणजे चढतो, दोन्हींवर म्हणजे उंच राहतो. खालच्या सुराला खूणच नाही. ऋग्वेदाच्या पोथ्यांत हेच तत्त्व उलट्या बाजूने आहे: अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ, आणि उदात्त बिनखुणेचा. एक सूर मोकळा सोडला की पान हलकं होतं, हे दोन्ही परंपरांना कळलं होतं.

बारीकसारीक अडचणीही नेटक्या सोडवल्या. 'स'नंतर 'ह' आला तर एस-एच लिहून चालणार नाही, कारण तो 'श' वाचला जाईल. म्हणून तिथे 'ह'साठी एक्स घ्यायचा. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी गळा बंद होतोच, म्हणून सुरुवातीची अपॉस्ट्रॉफी पुढे लिहायची सोडून दिली. आधी ती लिहीत असत.

लिपी चांगली होती, पण आली वाईट वेळी. त्याच वर्षांत, त्याच खात्याने, कुरणं धुपताहेत म्हणून नवाहोंच्या मेंढ्या-शेळ्या सक्तीने कमी केल्या. कित्येक ठिकाणी कळपच्या कळप मारून टाकले. मेंढी हे त्या लोकांचं धन, अन्न आणि घराण्याचा मान. जे सरकार मेंढ्या मारतं त्याच सरकारची अक्षरं लोकांनी उत्साहाने का उचलावीत? शिवाय निवासी शाळांत नवाहो बोललं तर शिक्षा होत असे. त्यामुळे घरात अस्खलित नवाहो बोलणाऱ्या कित्येकांना वाचता येत होतं ते फक्त इंग्रजी. लिपीचा खरा प्रसार झाला तो नंतर: 1956 साली बायबलचा नवा करार याच लिपीत निघाला, 1966 साली रफ रॉकला नवाहोंच्या स्वतःच्या ताब्यातली शाळा उभी राहिली, 1968 साली नवाहोंचं स्वतःचं महाविद्यालय सुरू झालं.

कोणती खूण टिकते

आता तिन्ही स्पेलिंगं पुन्हा पाहू. शाळेचं नाव पहिल्या स्पेलिंगच्या मानाने खूप पुढे आहे. 'पी'चा 'बी' झाला, 'नाझ'मधला झेड परत आला, दीर्घ 'ई' नीट दोन आय घेऊन आली, आणि अपॉस्ट्रॉफीमुळे गळ्याचा झटकाही आला. आली नाहीत ती फक्त सुराची रेघ आणि अनुनासिकाची आकडी.

हा योगायोग नाही. अपॉस्ट्रॉफी इंग्रजी कळफलकावर असते. रेघ आणि आकडी नसते. जे कळफलकावर आहे ते पाट्यांवर, लेटरहेडवर, वेबसाइटच्या पत्त्यात टिकलं. जे नाही ते गळलं. भाषेत कोणत्या खुणेला किती महत्त्व आहे, याचा त्या गळतीशी काही संबंध नाही. उलट क्रियापदातलं जे काम सूर करतो ते पाहता, सगळ्यात आधी गळणारी खूणच सगळ्यात उपयोगाची आहे असं मी म्हणेन.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: भाषा येणाऱ्याला खुणा लागत नाहीत, मग ओझं कशाला? अर्धं खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात नवाहो सैनिकांनी आपल्या भाषेवर रचलेली गुप्त संदेशांची पद्धत याचा पुरावा आहे. 1942 साली पहिल्या 29 जणांपासून तिची सुरुवात झाली. तिच्या शब्दयादीत 'ए' अक्षरासाठी मुंगीचा शब्द 'वो-ला-ची' असा इंग्रजी कानाने लिहिला होता. कोशात त्यावर उंच सुराच्या रेघा आहेत, यादीत एकही नाही. काही बिघडलं नाही. यादी पाठ करायची होती, संदेश तोंडून कानाकडे जायचा होता, आणि दोन्ही टोकांना आईच्या मांडीवर नवाहो शिकलेली माणसं होती.

आज वाचणारा तो राहिलेला नाही. आज नवाहोचं पुस्तक बहुतेकदा अशा मुलाच्या हातात असतं ज्याच्या आजीला भाषा येते, आईला समजते आणि त्याला शाळेत शिकावी लागते. त्याला सूर आधी कागदावरून कळतो आणि मग कानाला सापडतो. त्याच्यापुढे रेघ नसेल तर तो सगळं सपाट वाचेल आणि 'तू आहेस' व 'तो आहे' यांतला फरक त्याला पुस्तकातून कधीच मिळणार नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'कांहीं'चं 'काही'. प्रमाण मराठीच्या बोलण्यात ती अनुनासिकं विरलेलीच होती, म्हणून लेखन हलकं करता आलं. गोव्या-कोकणात मात्र कोकणी बोलणाऱ्यांच्या तोंडी ती शाबूत आहेत, आणि कोकणीच्या लेखनात त्यांची गरजही आहे. खूण ठेवायची की काढायची हे ध्वनी जिवंत आहे का यावर ठरावं. नवाहोत सूर पूर्ण जिवंत आहे.

यंत्राची बाजू

संगणक आला तेव्हा अडचण सुटायला हवी होती. तशी ती सुटलीही, पण सरळ नाही. अनुनासिक आणि उंच सुराचा 'आ' दाखवणारं रोमन 'ए' अक्षर घ्या, म्हणजे खाली आकडी आणि वर रेघ. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी संकेत देणाऱ्या व्यवस्थेत, या जोडगोळीसाठी एकसंध अक्षर नाही. आकडीचा 'ए' एक संकेत, त्यावर चढणारी रेघ दुसरा. फॉन्ट नीट बनवलेला नसेल तर रेघ बाजूला सरकते किंवा चौकोन दिसतो. आपल्याकडे जोडाक्षरं फुटून हलन्त दिसायची, त्यातलाच हा प्रकार. शिवाय साध्या 'ए'वर आधी रेघ आणि मग आकडी असाही क्रम टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण आज्ञावलीने दोन्ही रूपं एकसारखी करून घेतली नसतील तर शोधात एकाला दुसरं सापडत नाही.

जी टिकली त्या अपॉस्ट्रॉफीचाही घोळ आहेच. सरळ, वाकडी आणि युनिकोडने 'अक्षर' म्हणून दिलेली, अशा तीन जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या खुणा वापरात आहेत. पहिल्या दोन विरामचिन्हं मानल्या जातात, त्यामुळे काही आज्ञावल्या शब्द तिथेच तोडतात. तिसरी खूण या कामासाठी योग्य, पण सर्वसाधारण कळफलकावर ती नाही, म्हणून लोक सरळ खूणच टंकतात. नवाहोत ही खूण विरामचिन्ह नसून व्यंजन आहे, हे यंत्राला सांगितल्याशिवाय कळत नाही.

हे सगळे प्रश्न सुटण्याजोगे आहेत आणि बरेचसे सुटलेही आहेत: नवाहोचे कळफलक मिळतात, दोन्ही खुणा नीट बसवणारे फॉन्ट मिळतात. अडतं ते अर्जाच्या चौकटीत. एखाद्या कार्यालयाची जुनी प्रणाली इंग्रजीची 26 अक्षरंच स्वीकारत असेल, तर गावाचं नाव तिथे शिरतानाच सोललं जातं, आणि तेच सोललेलं रूप पुढे नकाशात, पत्त्यात आणि मुलांच्या दाखल्यावर उतरतं. त्या गावाबद्दल मराठीत लिहायची वेळ आली तर मी 'टीस नास पास' हे इंग्रजी उच्चाराचं रूप पत्त्यापुरतं ठेवीन आणि मजकुरात 'ट्ईस नाझबांस' लिहीन. देवनागरीत अनुस्वाराने अनुनासिक निम्मंशिम्मं दाखवता येतं. 'नाझ' उंच म्हणायचा, हे मात्र एकदा शब्दांत सांगावं लागेल.